यात तो माणूस कुठाय?

मागच्या पावसाळ्यात मुलींच्या तस्करीवरच्या एका डॉक्युमेंटरीचा रफ कट, म्हणजे कच्चं संपादन, आम्ही तिला दाखवला. तिला म्हणजे जिची ती गोष्ट होती तिला. तिचं नाव लिहिणार नाही, गाव नाही, जिल्हाही नाही, आणि बारीकसारीक तपशीलही थोडे बदललेत, का ते पुढे येईलच. टेबलावर लॅपटॉप ठेवला, तिच्यासोबत वसतिगृहातल्या ताई, आमचा दिग्दर्शक आणि मी. मी एडिटर. खरं तर अशा वेळी एडिटरची कुणाला गरज नसते पण मी हट्टाने गेले, कारण आठ महिने रोज मी त्या मुलीचा चेहरा झाकत होते आणि तिला एकदाही भेटले नव्हते. ती सतरा वर्षांची. सगळं शांतपणे बघितलं, मध्ये एकदा पाणी प्यायली, आणि संपल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, "माझा आवाज असा म्हातारीसारखा का केला?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि यात तो माणूस कुठाय?"

तो माणूस म्हणजे तिच्या वडिलांच्या ओळखीचा, गावातून तालुक्याला वडाप चालवणारा. शहरात घरकामाचं बघून देतो, जेवूनखाऊन पगार, आणि राहिलेली दहावी बाहेरून देता येईल असं सांगून तो तिला घेऊन गेला होता. आईच्या हातात थोडी उचल पण ठेवली होती. तेव्हा ती चौदा वर्षांची.

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दिग्दर्शक काहीतरी म्हणाला, की केस कोर्टात आहे, आपल्याला त्याला दाखवता येत नाही वगैरे, आणि ते खरंपण होतं. पण परत येताना गाडीत मी गप्पच होते, कारण टाइमलाइन, म्हणजे कुठला शॉट किती वेळ ते, मला पाठ होती. बावन्न मिनिटांची फिल्म. त्यातली एकतीस मिनिटं ती, तिचे हात, तिची पाठ, तिच्या खिडकीतून दिसणारं झाड. चार-पाच मिनिटं पोलीस, थोडी वकीलबाई, बाकी ड्रोनने घेतलेलं शहर. त्या माणसाचं नाव एका वाक्यात आणि तेही नाव नाहीच, "ओळखीची एक व्यक्ती" एवढंच.

आधी आवाजाचं सांगते, कारण त्यात चूक माझी होती. ओळख लपवायची म्हणून आवाजाचा पिच खाली आणायचा ही आमच्या लाइनीतली जुनी सवय, एक स्लायडर ओढला की झालं. आजवर कितीतरी वेळा केलंय आणि कधी वाटलं नाही की ऐकताना तो आवाज कसा लागतो. भसाडा, घोगरा, क्राइम शोमधल्या गुन्हेगारासारखा. जिच्यावर गुन्हा झाला तिलाच आपण गुन्हेगाराचा आवाज देतो! शेवटी आम्ही तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि तिच्याच वयाच्या, तिच्याच बोलीत बोलणाऱ्या एका मुलीकडून ते पुन्हा रेकॉर्ड करून घेतले. ते ऐकून ती म्हणाली, "ही माझ्यापेक्षा हळू बोलते, पण चालेल."

आता चेहऱ्याचं. लोकांना वाटतं ब्लर म्हणजे एक बटण. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे मिनिटाला दीड हजार. चेहऱ्यावर मास्क लावायचा, तो ट्रॅक करायचा, आणि मुलीने मान वळवली किंवा ओढणी चेहऱ्यासमोर आली की ट्रॅक सुटतो, मग तिथून पुढे एकेक फ्रेम हाताने. एक फ्रेम जरी उघडी राहिली तरी कुणीतरी तिथेच पॉज करणार, स्क्रीनशॉट काढणार, आणि तो गावातल्या ग्रुपवर जाणार. पण चेहरा हा सोपा भाग आहे. तिच्या उजव्या मनगटाच्या वर गोंदण आहे, तीन ठिपके आणि एक अक्षर. ती भाकरी थापतानाचा फार सुंदर शॉट होता, खिडकीतून उजेड, परातीवर हाताचा आवाज, दिग्दर्शकाचा सगळ्यात लाडका शॉट, आणि दर थापेला ते गोंदण समोर येत होतं. दुसऱ्या एका शॉटमध्ये मागे भिंतीवर ग्रामपंचायतीची स्वच्छतेची पाटी, अर्धीच दिसत होती पण त्या अर्ध्यात गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती. एकदा तर चित्रात काहीच नव्हतं, नुसती तिची पाठ आणि शेत, आणि मी हेडफोन लावून ऐकतेय तर लांबून देवळाच्या भोंग्यावर कुणीतरी गावातल्या यात्रेची वर्गणी पुकारतंय, गावाचं नाव घेऊन! आठ महिन्यांत पाचव्यांदा तो भाग बघत होते तेव्हा ऐकू आलं मला ते. त्या रात्री झोप लागली नाही, कारण आधीचा कट आम्ही चार जणांना मेल केलेला होता.

कायदा याबाबतीत एकदम स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ : मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापायचं किंवा दाखवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, कलम २३ हेच सांगतं. पण "ओळख पटेल असं काहीही" म्हणजे काय हे कायद्याच्या पुस्तकात कळत नाही, ते कळतं गोंदणावर आणि भोंग्यावर. नव्या पोरांना मी आता एकच सांगते, चेहरा शूटच करू नका. पाठीमागून घ्या, सावली घ्या, हात घेताना हात नीट बघून घ्या. ब्लर शेवटच्या फाइलवर असतो, रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, तर उघडेच हार्ड डिस्कवर पडून असतात, वर्षानुवर्षं.

पण हे सगळं नीट केलं, पूर्ण काळजी घेतली, तरी तिचा दुसरा प्रश्न उरतोच. आपण एवढी मेहनत करून जिला लपवतो तिलाच एकतीस मिनिटं का दाखवतो?

इथे मला १९९६ आठवतं. माझी मावशी खेतवाडीत राहायची. पत्ता सांगताना ती "खेतवाडी" आधी म्हणायची आणि गल्लीचा नंबर नंतर, कारण कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांनाही नंबरच आहेत आणि दोन्हींत अंतर चालत जाण्याएवढं. मी नववीत होते. ५ फेब्रुवारी १९९६ ला मुंबईच्या त्या भागात पोलिसांनी कोठ्यांवर मोठी धाड टाकली, चारशेहून जास्त मुली आणि बायका बाहेर काढल्या, त्यांत दोनशेहून जास्त नेपाळच्या. मावशीकडच्या पेपरात फोटो होता, ओढणीने तोंडं झाकलेल्या मुलींची रांग. मावशीने तो पेपर घडी करून ट्रंकेखाली सारला. मी नंतर काढून बघितला. त्या फोटोतपण सगळ्या मुलीच होत्या. कोठा चालवणारी घरवाली नाही, दलाल नाही, गिऱ्हाईक तर नाहीच नाही.

पत्रकारितेचं या सगळ्यात काम काय होतं ते मला खूप नंतर, या कामात आल्यावर कळलं. मुंबईत अल्पवयीन मुली विकल्या जातात असा एक लेख वर्तमानपत्रात आला होता, त्यावरून मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, 'पब्लिक ॲट लार्ज विरुद्ध महाराष्ट्र सरकार' नावाने तो खटला ओळखला जातो, १९९७ चा निकाल. एक लेख आणि कोर्ट हललं. त्याच वर्षांत रुचिरा गुप्ता या पत्रकार नेपाळच्या डोंगरातल्या गावांतून फिरत होत्या, गावात तरुण मुलीच दिसेनात म्हणून त्यांनी विचारलं मुली कुठायत, तर पुरुषांनी सांगितलं मुंबईला. मग त्यांनी ती साखळी पकडली : गावातला माणूस जो मुलगी घेतो, मग नेणारा, मग सीमेवर वाट करून देणारा, मग लॉजवाला, मग मुंबईतली घरवाली. त्यातून 'द सेलिंग ऑफ इनोसन्ट्स' ही डॉक्युमेंटरी झाली आणि १९९७ मध्ये तिला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. शूटिंगच्या वेळी कामाठीपुऱ्यात एका माणसाने त्यांच्यावर सुरा उगारला होता आणि तिथल्याच बायका कडं करून मध्ये उभ्या राहिल्या, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. पुढे २००२ मध्ये त्यांतल्याच बायकांना घेऊन त्यांनी 'अपने आप' ही संस्था काढली. मला त्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर ती साखळी. मुलीचं दुःख दाखवून ती फिल्म थांबली नाही, तिला कुणाच्या हातातून कुणाच्या हातात दिलं हे तिने विचारलं.

आणि धाडीनंतर काय झालं हे तर आपल्याकडे कुणाला माहीतच नाही. माझ्या पिढीच्या मुंबईकरांनापण नाही. त्या नेपाळी मुली महिनोन् महिने मुंबईतल्या सरकारी वसतिगृहांत पडून होत्या. नेपाळ सरकार परत घ्यायला उत्सुक नव्हतं, या एड्स घेऊन येतील अशी चर्चा तिकडे उघड चालली होती, आणि शेवटी तिथल्या सात संस्थांनी पुढाकार घेऊन जुलै १९९६ मध्ये १२८ जणींना काठमांडूला नेलं. त्यांतल्या एका संस्थेचं नाव 'माइती नेपाळ'. माइती म्हणजे माहेर. बाहेर काढलेल्या मुलींना फेब्रुवारी ते जुलै माहेर मिळत नव्हतं, आणि आपल्यासाठी बातमी धाडीच्या रात्रीच संपली होती.

त्यांतल्याच पंधरा जणींनी मिळून 'शक्ती समूह' काढला. स्वतः विकल्या गेलेल्या मुलींनी स्वतः चालवलेली संघटना. नोंदणी करायला गेल्या तर नागरिकत्वाची कागदपत्रं नाहीत, कारण कागद वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने निघायचा आणि घरचे तर दारात उभं करत नव्हते. नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. २०१३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चारीमाया तामांग त्यांतल्या एक, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या, सोळाव्या वर्षी नेलेल्या, बावीस महिने भारतात कोठ्यावर डांबलेल्या. परत गेल्यावर त्या घरात बसल्या नाहीत, स्वतः उभं राहून ज्यांनी विकलं त्यांच्यावर केस केली आणि १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा लागली. आठ! म्हणजे एका मुलीमागे आठ माणसं. मी तो आकडा वाचला तेव्हा आमच्या फिल्मचा टाइमलाइन उघडून परत बघितला. आठ सोडा, आमच्याकडे एकही नव्हता.

सिंधुपाल्चोक, नुवाकोट हा पट्टा याच्यासाठी ओळखला का जातो त्याचंही मूळ जुनं आहे, नेपाळवर राज्य करणाऱ्या राणा घराण्याच्या काळात तिथल्या तामांग समाजाच्या मुली राजवाड्यांत दासी म्हणून नेल्या जायच्या. राणांची सत्ता १९५१ मध्ये गेली पण मुली नेण्याची वाट राहिली, फक्त ती खाली मुंबई-कोलकात्याकडे वळली. मध्ये काठमांडूचे गालिच्यांचे कारखाने, तिथे कामाला म्हणून आणायच्या आणि तिथून पुढे. म्हणजे हे गरिबीमुळे आपोआप घडत नाही हो, आधी कुणीतरी वाट पाडून ठेवलेली असते आणि ती वापरणारे लोक असतात.

जनजागृतीबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही माझ्या कामाशी इतकी जवळची आहे की लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराला आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या महिन्यांत देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यांतला सगळ्यात जास्त फिरलेला एक, मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात तो, मुळात कराचीतल्या एका संस्थेने हरवलेल्या मुलांविषयी जागृती करायला केलेला होता. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातात पाटी धरून सांगतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी तो शेवट कापला. काही सेकंदांचा कट, आणि जागृतीचा व्हिडिओ लोकांच्या जीवावर उठला. रोज कट मारणं हेच माझं काम. मी काय ठेवते यापेक्षा काय काढून टाकते याची मला त्या दिवसापासून भीती वाटते.

आणि पोतं घेऊन फिरणारा अनोळखी माणूस हे चित्र कुठून आलं? आपणच दाखवत आलोय, अंधार, धावणारी पावलं, सावली. मी आजवर ज्या ज्या मुलींच्या मुलाखती कापल्या त्यांतल्या एकीलाही अनोळखी माणसाने उचललं नव्हतं. मावसबहिणीची नणंद, शेजारची काकू, मोबाइलवर तीन महिने गोड बोललेला मुलगा, लग्न ठरवणारी बाई, वडापवाला. मुलगी बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी, नवी चप्पल घालून, आईला नमस्कार करून गेलेली असते. म्हणून तर नंतर गाव म्हणतं, आपणहून गेली. कायद्याला ते चालत नाही. तस्करीचं आधीचं भारतीय दंड संहितेतलं ३७० कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं १४३, भरती करणारा, नेणारा, ठेवून घेणारा, ताब्यात घेणारा असे सगळे त्यात येतात आणि मुलीची संमती होती की नव्हती हा मुद्दाच तिथे धरला जात नाही.

नेहमी कोठाच असतो असंही नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मरणासन्न अवस्थेत तिच्या झोपडीबाहेर आणून टाकली गेली. थोडे पैसे आणि एक मेंढी एवढ्यावर तिला मेंढ्या राखायला दिलेलं होतं. ती गेली, मग चौकशी झाली, आणि तशीच अजून कितीतरी कातकरी मुलं शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे सापडली. सीमा नाही, रेल्वे नाही, दोन जिल्ह्यांमधला रस्ता. तीन-चार दिवस बातम्या आल्या. मी तेव्हा एका चॅनेलसाठी ते फुटेज लावत होते, आणि पुन्हा तेच, आईचा रडतानाचा क्लोजअप, रिकामी झोपडी, आईचा क्लोजअप.

तर आमच्या फिल्मचं काय केलं. रडण्याचा एक शॉट होता, चाळीस सेकंदांचा, तो काढला. दिग्दर्शकाशी दोन दिवस भांडण झालं, त्याचं म्हणणं लोक हलणार नाहीत, माझं म्हणणं लोक हलतात आणि मग उठून जेवायला जातात. शेवटी तो मानला. तिची एकतीस मिनिटं अकरावर आणली. उरलेल्या वेळात आम्ही तो रस्ता दाखवला. त्या माणसाचा चेहरा आणि नाव नाही दाखवलं, केसला धक्का लागू नये म्हणून वकीलबाईंना प्रत्येक सीन दाखवून घेतला. पण कोर्टात आलेल्या कागदांवरून त्याचं काम कसं चालतं ते सगळं मांडलं. वडापमध्ये पुढची सीट. एसटी स्टँडवर दुसऱ्या बाईच्या हवाली. आधार कार्डावर वाढवलेलं वय, त्यासाठी लागलेला फोटो कुठल्या दुकानात काढला ते. लॉजचं रजिस्टर, त्यात "मुलगी" असं नातं लिहिलेलं, त्याच माणसाच्या अक्षरात, त्याच वर्षात तीन वेळा, तीन वेगवेगळ्या तारखांना. रजिस्टरचं ते पान आम्ही पूर्ण नऊ सेकंद स्थिर ठेवलं, संगीत नाही, काही नाही. आणि मॅनेजरची बाइट, की आम्ही कसं विचारणार, फॅमिली वाटली.

हे बघून कुणाच्या तरी लक्षात यावं एवढंच मला पाहिजे. लॉजवर काम करणाऱ्याच्या, आधारच्या फोटोवाल्याच्या, एसटीच्या कंडक्टरच्या. शंका आली तर १०९८ लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्येच मुंबईत सुरू झाली, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या कामातून, आणि आता देशभर चालते. धोका समोरच दिसत असेल तर ११२, रेल्वेत असाल तर १३९. वेळ, गाडी नंबर, मुलाच्या अंगावरचे कपडे, कुठल्या दिशेला गेले, एवढं सांगा. पण हात जोडून विनंती, मुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि कुणाला स्वतः पकडायला जाऊ नका, राईनपाड्याला जमलेल्या लोकांनाही आपण मुलं वाचवतोय असंच वाटत होतं.

दिवाळीनंतर आम्ही नवीन कट घेऊन तिच्याकडे गेलो. या वेळी मी आधी विचारलं की कुठे थांबवायचं वाटलं तर हात वर कर. तिने एकदाच केला, लॉजच्या रजिस्टरवर. मला वाटलं नको म्हणतेय. तर स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि तिन्ही ओळींवर बोट फिरवत विचारलं, "मधली मी. बाकीच्या दोघी कोण, सापडल्या का?"

ताई म्हणाल्या एक सापडलीय, तिच्याच जबाबावर.

"आणि दुसरी?"

ती नोंद ऑगस्टमधली आहे. नाव खोटं असणार. वय १९ लिहिलंय. पानाची स्वच्छ कॉपी मी वकीलबाईंना दिलीय, एक तपास अधिकाऱ्याकडे आहे.